ज्यू राष्ट्राला परक्यांचा पाठिंबा : धर्म काय सांगतात, माणसे काय म्हणतात

इस्रायल-पॅलेस्टाईनचा विषय निघाला की आपल्या तरुणांत दोन तट पडतात, हे आम्ही अनेक अभ्यासवर्गांत पाहिले आहे. काहींचे म्हणणे असे की, शतकानुशतके छळ सोसलेल्या एका छोट्या समाजाने स्वतःचे राष्ट्र उभारले, आपण त्यांच्यापासून शिकले पाहिजे. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, ज्यांची जमीन आणि गावे गेली ते पॅलेस्टिनी हेच आजचे बहिष्कृत, म्हणून आपण त्यांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. दोन्हीकडे भावना खरी असते, पण पुरावा म्हणून पुढे येतो तो व्हॉट्सॲपवरचा मजकूर. त्यात ‘ज्यूंचा धर्म असे सांगतो’, ‘ख्रिश्चनांचे मत असे आहे’ अशी ठोक विधाने असतात. प्रत्यक्षात या प्रश्नावर एकही धर्म एकमुखाने बोलत नाही. कार्यकर्त्यांच्या हाताशी असावी म्हणून ही माहिती एकत्र मांडत आहोत. आमची मते जिथे आहेत तिथे ती लपवलेली नाहीत.

आधी शब्द नीट समजून घेऊ. ज्यू म्हणजे एक धर्म आणि त्या धर्माच्या वंशपरंपरेने बांधलेला, जगभर पसरलेला समाज. झायोनवाद ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात जन्मलेली राजकीय चळवळ. १८९७ साली बाझेल येथे थिओडोर हर्झल यांनी तिची पहिली परिषद भरवली. इस्रायल हे १४ मे १९४८ रोजी घोषित झालेले राज्य. ज्यू असून झायोनवादी नसणारे लोक पहिल्यापासून आहेत, आणि ज्यू नसून कट्टर झायोनवादी असणारे तर कोट्यवधी आहेत. हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरले की पुढची सगळी चर्चा बिघडते.

सदुसष्ट शब्दांचे पत्र आणि एक भारतमंत्री

परक्या सत्तेने दिलेला पहिला मोठा पाठिंबा म्हणजे बाल्फोर जाहीरनामा. २ नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री आर्थर बाल्फोर यांनी लॉर्ड रॉथशिल्ड यांना पत्र लिहिले. पॅलेस्टाईनमध्ये ज्यू लोकांसाठी ‘राष्ट्रीय घर’ उभारण्याकडे सरकार अनुकूल दृष्टीने पाहते, असे त्यात म्हटले होते. मूळ इंग्रजीत हे निवेदन अवघ्या ६७ शब्दांचे आहे. त्या वेळी तो प्रदेश ब्रिटनच्या मालकीचा नव्हता, तुर्कांच्या साम्राज्याचा भाग होता. तिथल्या लोकसंख्येत सुमारे नऊ-दशांश लोक अरब होते, मुसलमान आणि ख्रिस्ती. पत्रात मात्र त्यांचे नावही नाही. ‘पॅलेस्टाईनमधील ज्यूेतर समाज’ एवढाच त्यांचा उल्लेख आहे, आणि त्यांच्या नागरी व धार्मिक हक्कांना बाध येऊ नये असे म्हटले आहे. राजकीय हक्कांचा शब्द नाही. बहुसंख्य लोकांची ओळख ते काय नाहीत यावरून करायची, ही सत्ताधाऱ्यांची जुनी सवय आहे. ‘अ’ लावून ज्यांना नावे दिली गेली, त्या समाजातल्या वाचकांना ती वेगळी सांगायला नको.

आता यातली आपल्या इतिहासाला चिकटलेली गोष्ट. या जाहीरनाम्याला ब्रिटिश सरकारच्या आतून सर्वांत कडवा विरोध केला तो एडविन माँटेग्यू यांनी. होय, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमधलेच ते माँटेग्यू. याच सुधारणांच्या निमित्ताने नेमलेल्या साउथबरो समितीसमोर १९१९ च्या जानेवारीत तरुण बाबासाहेबांनी साक्ष दिली होती. माँटेग्यू स्वतः ज्यू होते. २० ऑगस्ट १९१७ रोजी त्यांनी भारतात जबाबदार राज्यपद्धती टप्प्याटप्प्याने आणण्याची घोषणा केली, आणि त्याच आठवड्यात मंत्रिमंडळापुढे एक टिपण ठेवले. टिपणाचा विषयच होता विद्यमान सरकारचा ज्यूद्वेष.

त्यांचा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. ज्यू हे एक राष्ट्र आहे हेच त्यांना मान्य नव्हते. आपण धर्माने ज्यू असलेले इंग्रज आहोत, असे ते मानत. पॅलेस्टाईन हे ज्यूंचे घर ठरले की प्रत्येक देश आपल्या ज्यू नागरिकांना ‘तुमचे घर तिकडे आहे’ म्हणून बाहेरची वाट दाखवील, आणि पॅलेस्टाईनमध्ये तिथल्या मुसलमान-ख्रिस्ती रहिवाशांना जागा रिकामी करावी लागेल, ही त्यांची भीती होती. ज्यूंचे भले करण्याच्या नावाखाली घेतलेला हा निर्णय ज्यूद्वेष्ट्यांच्याच सोयीचा आहे, असे एक ज्यू मंत्री सांगत होता. ऑक्टोबरमध्ये ते भारताच्या दौऱ्यावर निघाले आणि त्यांच्यामागे मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. इतर देशांतील ज्यूंच्या हक्कांना व राजकीय दर्जाला बाध येऊ नये, हे शेवटचे वाक्य जाहीरनाम्यात आले ते अशाच विरोधामुळे.

ज्यू धर्माच्या आतला वाद

सनातनी ज्यूंचा एक मोठा प्रवाह मुळातच झायोनवादाच्या विरोधात होता. तालमूदमधील ‘तीन शपथां’चा ते आधार घेतात. ज्यूंनी सामूहिक बळाने पवित्र भूमीवर चढाई करू नये, जगातील राष्ट्रांविरुद्ध बंड करू नये, आणि राष्ट्रांनी ज्यूंचा अति छळ करू नये, असा त्यांचा आशय. वनवास देवाने दिला आहे, तो संपवायचा तर मसीहा येईल तेव्हा, माणसांनी घाई करणे हे पाप, अशी ही भूमिका. सत्मार पंथाचे रब्बी योएल टाइटलबाउम यांनी यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. त्यांच्या संस्था आजही इस्रायल सरकारचा पैसा घेत नाहीत आणि अनुयायी तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देत नाहीत. नाझींच्या तावडीतून १९४४ मध्ये टाइटलबाउम सुटले ते मात्र एका झायोनवादी कार्यकर्त्याने केलेल्या सौद्यातील रेल्वेगाडीने. इतिहास असा सरळ नसतो.

यांच्याहून लहान आणि अधिक टोकाचा गट म्हणजे नतुरेई कार्ता. काळा अंगरखा घातलेले, हातात पॅलेस्टाईनचा झेंडा धरलेले ज्यू, ‘हेच खरे ज्यू’ अशा ओळीसह आपल्या गटांमध्ये फिरतात, ते बहुधा याच गटाचे. त्यांतील काही जण २००६ मध्ये तेहरानच्या ज्यू-संहार नाकारणाऱ्यांच्या परिषदेला गेले तेव्हा सत्मारांनीसुद्धा त्यांचा निषेध केला. त्यांचा विरोध पॅलेस्टिनींच्या मानवी हक्कांवर उभा नाही, ग्रंथाच्या आज्ञेवर उभा आहे. म्हणून ते छायाचित्र पुढे पाठवताना आपण नेमके कशाला दाद देतो आहोत हे तरुणांनी समजून घ्यावे.

याच ग्रंथांतून उलटा अर्थ काढणारेही आहेत. रब्बी अब्राहम आयझॅक कूक यांना धर्म न पाळणाऱ्या झायोनवाद्यांच्या कामातही देवाची योजना दिसली. त्यांचे पुत्र झ्वी येहुदा यांच्या शिकवणीतून १९६७ च्या युद्धानंतर जिंकलेल्या प्रदेशात वसाहती करणे हे धर्मकर्तव्य ठरले, आणि १९७४ मध्ये गुश एमुनिम ही वसाहतवाल्यांची चळवळ उभी राहिली. म्हणजे एकाच धर्माचे, तेच ग्रंथ वाचणारे लोक, एकाला राज्य हे पाप वाटते आणि दुसऱ्याला मुक्तीची पहाट. ग्रंथाला प्रमाण मानले की असे होते. बुद्धिप्रामाण्य मानणाऱ्या आपल्या वाचकांना याचे नवल वाटू नये.

अमेरिकेतील सुधारणावादी ज्यूंनी १८८५ च्या पिट्सबर्ग ठरावात आपण राष्ट्र नसून धर्मसमाज आहोत आणि पॅलेस्टाईनला परतण्याची आपली अपेक्षा नाही, असे जाहीर केले होते. पुढे जर्मनीत हिटलर आला. १९३७ च्या कोलंबस ठरावात त्याच पंथाने पॅलेस्टाईनमधील ज्यू वसाहतीला मदत करणे हे कर्तव्य मानले. धर्मग्रंथ तोच होता, बदलली होती परिस्थिती. दुसरीकडे पूर्व युरोपातील ज्यू कामगारांची ‘बुंद’ ही समाजवादी संघटनाही १८९७ चीच. तिचा आग्रह असा की, आपण जिथे राहतो तिथेच समान हक्कांसाठी लढायचे. तिचे बहुतेक अनुयायी नाझींच्या छळछावण्यांत मारले गेले, आणि त्यांच्याबरोबर तो पर्यायही जवळजवळ संपला. ज्यू राष्ट्राच्या बाजूचा सर्वांत जड युक्तिवाद कुठल्याही ग्रंथात सापडत नाही, तो इथे आहे. साठ लाख ज्यू मारले जात असताना जगातल्या बहुतेक देशांनी दारे बंद ठेवली होती. इस्रायलच्या धोरणावर टीका करणाऱ्याने ही गोष्ट एका वाक्यात उरकू नये, असे आम्हांला वाटते.

व्यक्तिगत मतांची उदाहरणेही कमी नाहीत. अल्बर्ट आइनस्टाइन ज्यूंच्या सांस्कृतिक घराच्या बाजूचे होते, पण १९४८ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी हाना आरेंट यांच्यासह न्यूयॉर्क टाइम्समध्ये पत्र लिहून मेनाखेम बेगिन यांच्या पक्षाचा तीव्र शब्दांत धिक्कार केला, आणि १९५२ मध्ये इस्रायलचे राष्ट्राध्यक्षपद नाकारले. मार्टिन बुबर आणि जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे ज्यूडा मॅग्नेस यांना अरब आणि ज्यू अशा दोन्ही समाजांचे एकच राज्य हवे होते.

परक्यांचा पैसा घ्यावा की नाही यावर खुद्द इस्रायलमध्ये झालेला सर्वांत कडवट वाद म्हणजे जर्मन भरपाईचा. मारेकऱ्यांच्या देशाकडून पैसे घेणे म्हणजे रक्ताची किंमत स्वीकारणे, असे म्हणत १९५२ च्या जानेवारीत बेगिन यांनी जेरुसलेममध्ये मोर्चा काढला, संसदेवर दगड पडले. पंतप्रधान बेन-गुरिअन यांचे म्हणणे, लुटलेली मालमत्ता खुन्याकडेच राहू द्यायची का? ठराव ६१ विरुद्ध ५० मतांनी मंजूर झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लक्झेंबर्ग येथे करार होऊन पश्चिम जर्मनीने ३०० कोटी मार्क देण्याचे मान्य केले. नुकसानभरपाई आणि प्रतिष्ठा यांचा हा झगडा अत्याचारग्रस्त कुटुंबांबरोबर काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांच्या ओळखीचा आहे.

ख्रिस्ती पाठिंबा : मोठा आणि अडचणीचा

आजच्या परक्या पाठिंब्यात धर्माच्या नावाने येणारा सर्वांत मोठा वाटा ज्यूंचा नाही, अमेरिकेतील इव्हँजेलिकल ख्रिश्चनांचा आहे. ज्यू पवित्र भूमीत परतल्याशिवाय येशूचे पुनरागमन होणार नाही, हा विचार एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील जॉन नेल्सन डार्बी यांच्यासारख्या प्रचारकांनी मांडला. १९०९ साली निघालेल्या स्कोफिल्डच्या टीपांसह असलेल्या बायबलने तो अमेरिकेत घरोघरी नेला. हर्झल यांच्या परिषदेच्या सहा वर्षे आधी, १८९१ मध्ये, विल्यम ब्लॅकस्टोन या ख्रिस्ती प्रचारकाने पॅलेस्टाईन ज्यूंना द्यावे असा अर्ज चारशेहून अधिक प्रतिष्ठितांच्या सह्यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना दिला होता. ज्यूंना आशीर्वाद देणाऱ्याला देव आशीर्वाद देईल, असा उत्पत्तीच्या पुस्तकातला आधार ही मंडळी आजही देतात. जॉन हेगी यांनी २००६ मध्ये स्थापन केलेली ‘ख्रिश्चन्स युनायटेड फॉर इस्रायल’ ही संघटना याच परंपरेतली. १४ मे २०१८ रोजी अमेरिकेचा दूतावास जेरुसलेमला हलवला तेव्हा त्या समारंभात हेगी यांनी प्रार्थना केली होती.

यातली मेख अशी की, या भाकिताच्या शेवटच्या अंकात ज्यूंनी एकतर येशूला स्वीकारायचे किंवा नष्ट व्हायचे, असेच मानणारे त्यांत अनेक आहेत. म्हणजे मित्राच्या धर्माचा शेवट गृहीत धरून केलेली ही मैत्री. अनेक ज्यू विचारवंतांनी तिच्याबद्दल शंका घेतली आहे. इस्रायली सरकारांनी मात्र ती आनंदाने वापरली आहे.

हॅरी ट्रुमन यांचे उदाहरण वेगळे. इस्रायलची घोषणा झाल्यावर अकराच मिनिटांत त्यांनी मान्यता दिली. परराष्ट्रमंत्री मार्शल यांचा विरोध होता. ट्रुमन बॅप्टिस्ट, बायबल लहानपणापासून वाचलेले. त्यांचा जुना ज्यू मित्र आणि कापडदुकानातला भागीदार एडी जेकबसन याने गळ घातली म्हणून त्यांनी मार्च १९४८ मध्ये झायोनवादी नेते वाइझमन यांची भेट घेतली. निवडणूक तोंडावर होती आणि सोव्हिएत संघही इस्रायलच्या बाजूने होता. यात धर्म किती, मैत्री किती आणि मतांचे गणित किती, हे वेगळे काढता येत नाही. आणि सोव्हिएत पाठिंब्याला तर धर्माचा स्पर्शही नव्हता. १९४८ मध्ये इस्रायलला महत्त्वाची शस्त्रे मिळाली ती कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियाकडून.

या सगळ्याला ख्रिस्ती धर्माच्या आतूनच उत्तर दिले आहे ते पॅलेस्टिनी ख्रिश्चनांनी. २००६ मध्ये जेरुसलेममधील चार चर्चप्रमुखांनी ख्रिस्ती झायोनवाद ही खोटी शिकवण असल्याचे जाहीर केले. २००९ मध्ये ‘कैरोस पॅलेस्टाईन’ हे निवेदन निघाले. नईम अतीक हे अँग्लिकन पाद्री १९४८ मध्ये अकरा वर्षांचे असताना कुटुंबासह बैसान गावातून हाकलले गेले. त्यांचा प्रश्न असा : इजिप्तच्या गुलामीतून सुटलेल्यांची कथा मुक्तीची खरी, पण त्या ‘वचन दिलेल्या’ भूमीत आधीपासून राहणाऱ्या कनानी लोकांनी ती कथा कशी वाचायची? महाभारत एकलव्याच्या बाजूने वाचणाऱ्यांना हा प्रश्न लगेच कळतो.

व्हॅटिकनचा प्रवास लांबचा आहे. १९०४ मध्ये पोप दहावे पायस यांनी हर्झल यांना स्पष्ट नकार दिला, कारण ज्यूंनी येशूला मानले नव्हते. येशूच्या मृत्यूचा दोष सर्व ज्यूंवर टाकता येणार नाही, हे चर्चने १९६५ मध्ये मान्य केले. इस्रायलशी करार झाला १९९३ च्या अखेरीस.

मुस्लीम आणि अरब बाजू

इथे सगळा विरोध धार्मिक आहे असे समजणे ही मोठी चूक. जेरुसलेमचे माजी महापौर युसूफ झिया अल-खालिदी यांनी १८९९ मध्येच हर्झल यांच्यापर्यंत पोहोचवण्यासाठी पत्र लिहिले. ज्यूंच्या दुःखाविषयी आणि त्या भूमीशी असलेल्या त्यांच्या नात्याविषयी त्यात आदर होता. पण इथे आधीच लोक राहतात, म्हणून पॅलेस्टाईनला सोडा, अशी विनंती होती. १९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी निर्वासित झाले, त्यांत ख्रिस्तीही होते. हमासच्या १९८८ च्या सनदेने पॅलेस्टाईन ही इस्लामी वक्फ भूमी ठरवली. त्याच वर्षी यासर अराफात यांच्या संघटनेने दोन राज्यांचा मार्ग स्वीकारला. इजिप्तने १९७९ मध्ये, जॉर्डनने १९९४ मध्ये आणि संयुक्त अरब अमिरातीने २०२० मध्ये इस्रायलशी करार केले.

भारत, आणि बौद्ध ब्रह्मदेश

गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिले. ज्यूंना त्यांनी ख्रिस्ती जगातील अस्पृश्य म्हटले, सहानुभूती दाखवली, पण पॅलेस्टाईन अरबांचे आहे असे सांगितले आणि जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला. बुबर आणि मॅग्नेस यांनी त्यांना उत्तरे लिहिली. छावणीत कोंडलेल्या माणसाचा सत्याग्रह पाहणार कोण, हा त्यांचा रोख. सोसणाऱ्याला सहनशीलतेचा सल्ला बाहेरून देणे किती सोपे असते, यावर आपल्या चळवळीला कुणी धडा द्यायची गरज नाही. मात्र जमिनीच्या प्रश्नावर गांधीजींचे म्हणणे आम्हांला टाकाऊ वाटत नाही.

हिंदुत्ववाद्यांची भूमिका अधिक विचित्र. गोळवलकरांच्या १९३९ च्या पुस्तकात जर्मनीच्या वंशाभिमानाचे कौतुक आहे आणि पॅलेस्टाईनमधील ज्यू राष्ट्राच्या उभारणीलाही अनुमोदन आहे. सावरकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये ज्यू राज्याचे स्वागत केले आणि भारताच्या विरोधी मताबद्दल खेद व्यक्त केला. पितृभूमी आणि पुण्यभूमी एकच असलेले राष्ट्र हा साचा त्यांना तिथे दिसला. अशा राष्ट्रात अल्पसंख्याकांचे स्थान काय, हे आपण विचारायचे.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला, त्या तेरांत भारत होता. १९५० मध्ये भारताने इस्रायलला मान्यता दिली, पूर्ण राजनैतिक संबंध मात्र १९९२ मध्ये आले.

ब्रह्मदेशाने मान्यता दिली १९४९ मध्ये. धम्मावर गाढ श्रद्धा असलेले पंतप्रधान उ नू १९५५ मध्ये इस्रायलला गेले. इस्रायलला भेट देणारे ते पहिले परदेशी सरकारप्रमुख. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९५४ मध्ये, बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेत होते. बेन-गुरिअन १९६१ मध्ये ब्रह्मदेशात गेले तेव्हा त्यांनी काही दिवस बौद्ध धम्माच्या अभ्यासासाठी आणि ध्यानासाठी राखून ठेवले होते. पण या मैत्रीचे मूळ धम्मात शोधू नये. दोन नव्या देशांतील समाजवादी पक्षांचे ते नाते होते. उलट श्रीलंकेच्या सिरिमाओ बंदरनायके सरकारने १९७० मध्ये इस्रायलशी संबंध तोडले. दोन्ही थेरवादी देश, दोन उलट निर्णय. आणि धर्म राष्ट्राला जुंपला की काय होते, याचा पुरावा २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना पळवून लावणाऱ्या म्यानमारनेच दिला आहे. ही गोष्ट बौद्धांनी स्वतः बोलली पाहिजे.

आज

२०१६ च्या करारानुसार अमेरिका २०१९ ते २०२८ या दहा वर्षांत इस्रायलला ३८ अब्ज डॉलरची लष्करी मदत देत आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे १,२०० लोक मारले आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेले. त्यानंतर गाझात हजारो लेकरांसह दहा-दहा हजारांच्या हिशेबाने माणसे मेली. या मदतीविरुद्ध अमेरिकेत रस्त्यावर उतरलेल्यांत ज्यू तरुण मोठ्या संख्येने आहेत, आणि मदत चालू ठेवा म्हणणाऱ्यांतही ज्यू आहेत. बाल्फोर यांच्या ब्रिटनने सप्टेंबर २०२५ मध्ये पॅलेस्टाईनला राज्य म्हणून मान्यता दिली.

आमच्या मते धर्मवचनावरून जमिनीचा सातबारा निघत नाही, मग ते वचन कुठल्याही ग्रंथातले असो. छळातून सुटलेल्यांना सुरक्षित घर हवे हे मान्य, आणि त्या घरासाठी दुसऱ्यांना बेघर करता येत नाही हेही मान्य. या दोन्ही गोष्टी एकदम बोलणे कठीण जाते, म्हणून लोक एक सोडून देतात.

एक गोष्ट मात्र आपल्याच गटांतली आहे म्हणून सांगतो. पॅलेस्टाईनला पाठिंबा म्हणून कुणी हिटलरचे छायाचित्र लावतो, ‘त्याने काम अर्धे सोडले’ असे लिहितो. हे जिथे दिसेल तिथे तिथल्या तिथे काढायला लावा. बाबासाहेबांनी अस्पृश्यांवरील आपल्या लिखाणाच्या शीर्षकात ‘घेट्टो’ हा शब्द वापरला, तो शब्द ज्यूंच्या कोंडलेल्या वस्तीचा आहे.

आणि ज्यू म्हणजे कुणी दूरचे लोक नव्हेत. कोकणात घाण्यावर तेल काढणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ म्हणजे बेने इस्रायल. आडनावे दिवेकर, पेणकर, राजपूरकर. मराठी बोलणारे. मुंबईतील त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ चे. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्रायलला गेले, आणि तिथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धर्मपीठाने त्यांच्या लग्नांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. तुम्ही शुद्ध ज्यू आहात कशावरून, हा प्रश्न. ज्यूंसाठी उभ्या केलेल्या राज्यात कोकणातल्या ज्यूंना जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले. ऑगस्ट १९६४ मध्ये बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क इतरांइतकेच आहेत, असे इस्रायलच्या संसदेला जाहीर करावे लागले.